दहा वेळा नमस्कार

लूप म्हणजे एकच काम संगणकाकडून पुन्हा पुन्हा करून घेण्याची सोय. व्याख्या एवढीच आहे, सोपी आहे, आणि ती पाठ करून आजवर कोणालाही लूप जमलेला नाही. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात सुरुवातीचे काही दिवस सगळेच हुशार असतात. बेरीज होते, सरासरी निघते, दोन संख्यांतली मोठी कोणती तेही कळते. मग फळ्यावर लूप येतो आणि मागच्या बाकांवर सिव्हिल शाखेत बदली मिळते का, याची चौकशी सुरू होते.

उदाहरण ठरलेले असते: पडद्यावर दहा वेळा 'नमस्कार' छापा. नवशिक्याला यात अडचण दिसत नाही. तो नमस्कार छापणारी ओळ एकदा लिहितो, कॉपी करतो आणि खाली नऊ वेळा पेस्ट करतो. आउटपुट बिनचूक येते. शिक्षक मात्र नाराज होतात.

"दहाच्या ऐवजी दहा हजार वेळा हवा असला तर?"

"पण सर, इतके नमस्कार हवेत कोणाला?"

प्रश्न रास्त आहे. वीजबिले, पगारपत्रके आणि दहावीचे निकाल हे सगळे लूपच्याच जिवावर निघतात, असे त्यावर सांगता येईल. पण वीजबिलाचे नाव काढून कोणाच्या मनात लूपविषयी जिव्हाळा निर्माण होईल असे वाटत नाही. त्यामुळे वर्गात "परीक्षेला येतो" हे उत्तर दिले जाते. महाराष्ट्रात कोणतेही ज्ञान मिळवायला एवढे कारण पुरते.

लूपची कल्पना संगणकाहून जुनी आहे. चार्ल्स बॅबेजच्या 'ॲनॅलिटिकल इंजिन' या नियोजित यंत्राविषयी एडा लव्हलेस यांची टिपणे १८४३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 'जी' या टिपणात बर्नुली संख्या काढण्याची रीत दिली आहे आणि त्या रीतीत काही पायऱ्या पुन्हा पुन्हा फिरवायच्या आहेत. बॅबेजचे यंत्र काही पूर्ण झाले नाही. म्हणजे लूप तयार होता आणि तो चालवायला यंत्र नव्हते. त्यामुळे तो कधी हँग झाला नाही, त्याने कोणाची ओरल बिघडवली नाही. असे निष्कलंक आयुष्य पुढच्या कोणत्याही लूपच्या वाट्याला आलेले नाही.

सी भाषेतल्या फॉर लूपच्या कंसात तीन गोष्टी असतात: मोजणी कुठून सुरू करायची, कुठवर चालू ठेवायची आणि प्रत्येक फेरीनंतर आकडा कितीने वाढवायचा. पहिल्या दोन नवशिक्याला पटतात. तिसरीपाशी तो अडतो. एक झाल्यावर दोन येतात हेसुद्धा यंत्राला सांगायचे? सांगायचे. सेकंदाला कोट्यवधी बेरजा करणाऱ्या यंत्राला आपण आत्ता कितवा नमस्कार घालतो आहोत याचा पत्ता नसतो, आणि तो ठेवायला त्याला कोणी सांगितलेले नसेल तर ते स्वतःहून विचारायलाही येत नाही. माणसाच्या बोलण्यातला निम्मा भाग समोरच्याने समजून घ्यायचा असतो. लूपमध्ये नेमका तोच भाग लिहून द्यावा लागतो.

आकडा मोजणाऱ्या चलाचे नाव 'आय' असते. का, हे सहसा कोणी सांगत नाही.

"सर, आयच का?"

"सगळे आयच घेतात."

गणितातही अनुक्रम दाखवायला आय हे अक्षर जुनेच. पण संगणकात ते पक्के केले १९५७ साली आलेल्या आयबीएमच्या फोरट्रान भाषेने. जॉन बॅकस यांच्या गटाने घडवलेल्या या भाषेत आयपासून एनपर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारी नावे, वेगळे काही न सांगितल्यास, पूर्णांकांची मानली जात. मोजायला पूर्णांक लागतात. म्हणून आय, तो अडकला तर जे, तोही अडकला तर के. तेव्हाचे संगणक भंगारात गेले, रिवाज राहिला. काही बंडखोर विद्यार्थी चलाला 'भाऊ' असे नाव देतात. भाऊ बरोबर एक, भाऊ दहाहून लहान किंवा दहाइतका, भाऊ प्लस प्लस. प्रोग्रॅम उत्तम चालतो. संगणकाला भाऊ चालतो. एक्स्टर्नल परीक्षकाला चालत नाही.

आता मोजणी कुठून सुरू करायची हा वाद. शाळेत एकपासून मोजायला शिकवतात. सी भाषेत रांगेतला पहिला क्रमांक शून्य असतो, आणि तेच योग्य असे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका टिपणात मुद्देसूद मांडले आहे. ते वाचलेला माणूस शून्यापासून मोजतो, न वाचलेला एकपासून, आणि अर्धवट ऐकलेला विद्यार्थी सुरुवात शून्यापासून करून शेवट दहावर करतो. अकरा नमस्कार छापले जातात. चूक दाखवल्यावर तो सुरुवात एकपासून करतो आणि अटीतले 'किंवा दहाइतका'ही काढून टाकतो. नऊ येतात. पायथनमध्ये तर एक आणि दहा असे दोन आकडे दिले की भाषा स्वतःच नऊवर थांबते. शेवटचा आकडा त्यात धरत नाहीत. दहावा नमस्कार गेला कुठे, यावर हॉस्टेलमध्ये रात्री बैठक भरते. बहुसंख्य विद्यार्थी अखेरीस ज्या पद्धतीवर येतात ती कोणत्याही पुस्तकात नाही: अटीत कुठे तरी एक मिळवायचा, रन करायचे, जमले नाही तर तिथून एक वजा करायचा, रन करायचे. उत्तर आले की कोणी हात लावायचा नाही.

याहून छोटी आणि याहून महाग चूक सेमीकोलनची. सी भाषेत विधान संपले की सेमीकोलन द्यायचा, हे पहिल्या दिवसापासून इतके बजावलेले असते की विद्यार्थी दिसेल त्या ओळीच्या शेवटी तो टाकत सुटतो. फॉरच्या ओळीनंतरही टाकतो. प्रोग्रॅम चालतो, एररही येत नाही आणि पडद्यावर एकच नमस्कार दिसतो.

"सर, एकदाच येतोय."

"अट बघितली?"

"हो."

"इन्क्रिमेंट?"

"आहे सर."

"मग मशीन बदल."

विद्यार्थी मशीन बदलतो. तिथेही एकच नमस्कार. तो शेजारच्याला बोलावतो, शेजारचा पुढच्याला. बघता बघता एका पडद्यापुढे अर्धी बॅच गोळा होते आणि विषाणूपासून व्होल्टेजपर्यंत सर्व शक्यता पडताळल्या जातात. कोणी तरी सर्व ओळी खोडून तोच प्रोग्रॅम तसाच पुन्हा टाइप करायला सुचवतो. तो टाइप होतो, सेमीकोलनसकट. शेवटी किल्ल्यांचा जुडगा घेऊन लॅब बंद करायला आलेले असिस्टंट पाठीमागून एक नजर टाकतात. "तो फॉरच्या पुढचा सेमीकोलन काढ, आणि पंखे बंद करून जा." असिस्टंटना ही भाषा कोणी शिकवलेली नसते. त्यांनी वर्षानुवर्षे तोच सेमीकोलन त्याच जागी पाहिलेला असतो.

घडते ते असे. फॉरच्या ओळीनंतर लगेच सेमीकोलन दिसला की संगणक त्यालाच लूपचे काम समजतो. आणि एकट्या सेमीकोलनचा अर्थ 'काहीही करू नका'. संगणक दहा वेळा काहीही करत नाही, तेही नियमाने, मोजून. मग खाली उतरतो आणि महिरपी कंसातला नमस्कार एकदा घालतो. तिथे आयची किंमत छापून पाहिली तर ती अकरा निघते, कारण अकरा झाल्याशिवाय अट खोटी ठरत नाही. इतका काटेकोर निष्क्रियपणा सरकारी खात्यांनासुद्धा अवघड आहे. तिथे निदान फाइल तरी हलते.

महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी हे सर्व टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर भोगले. दप्तरात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी', डोळ्यांपुढे निळा रंग आणि मनात त्याहून निळे काही. या टर्बो सीची एक खोड होती. प्रोग्रॅम रन केला की आउटपुट दुसऱ्याच पडद्यावर उमटे आणि क्षणात निळा पडदा परत येई. आउटपुट बघायला ऑल्ट आणि एफ फाइव्ह दाबावे लागे. हे माहीत नसलेला विद्यार्थी 'काहीच झाले नाही' अशा समजुतीने पुन्हा रन करी, मग पुन्हा, मग थोडे जोरात बटण दाबून पुन्हा. अखेर कोणी ऑल्ट-एफ फाइव्ह दाखवल्यावर वरपासून खालपर्यंत पडदाभर नमस्कार. आधीच्या फेऱ्यांचे आउटपुट तिथेच साचलेले असे. विद्यार्थी घाबरून चांगल्या लूपमध्ये दुरुस्त्या करू लागे आणि तिथून तो खरोखर बिघडे.

फॉरचा भाऊ व्हाईल. किती फेऱ्या हव्यात ते आधी ठाऊक असेल तर फॉर, आणि अमुक होईपर्यंत चालू ठेवायचे असेल तर व्हाईल. गणपतीतल्या आरत्या या व्हाईलच्या जातीच्या. किती म्हणायच्या हे ठरलेले नसते. एक संपता संपता मागून कोणी तरी दुसरी उचलतो, दुसरीत तिसरीचे बीज असते, आणि नैवेद्याचे मोदक निवत चाललेले सर्वांना दिसत असूनही पुढाकार घेऊन थांबवायचे कोणी हा प्रश्न उरतो. मग एखादे जाणते काका मंत्रपुष्पांजली सुरू करतात. प्रोग्रॅमिंगमध्ये याला ब्रेक म्हणतात. काका नसलेल्या घरात काय होते, तेच ब्रेक नसलेल्या आणि अट न बदलणाऱ्या लूपमध्ये होते: तो अनंत फिरतो.

अनंत लूप लिहायला वेगळी प्रतिभा लागत नाही. व्हाईलमध्ये आय प्लस प्लस विसरले की झाले. विसरले नाही, पण महिरपी कंस घातले नाहीत, तरी झाले. कारण कंस नसताना व्हाईलला फक्त पुढचे एकच विधान आपले वाटते. विद्यार्थ्याने नमस्काराची ओळ आणि आय प्लस प्लसची ओळ छान एकाखाली एक, सारख्या अंतरावर लिहिलेली असते. डोळ्यांना ती जोडी लूपच्या आतच दिसते. संगणकाला मांडणीचे सौंदर्य कळत नाही. तो नमस्कारावर नमस्कार घालत राहतो, आय बिचारा बाहेर आपली पाळी येण्याची वाट बघत बसतो. तिसरा मार्ग तुलनेच्या दोन बरोबर-चिन्हांच्या जागी एकच चिन्ह लिहिण्याचा: 'आय एक आहे का' असे विचारायचे असते आणि विद्यार्थी 'आय, एक हो' असा हुकूम सोडतो. दरवेळी आय एक होतो आणि सी भाषा एकला खरे मानते.

पडदा धो धो वाहू लागला की पाळायची शिस्त म्हणजे कंट्रोल आणि ब्रेक दाबणे. प्रत्यक्षात विद्यार्थी आधी एस्केप दाबतो, मग एंटर, मग सगळी बटणे तळहाताने एकदम, आणि मग टेबलाखाली वाकून मेन स्विच. पडदा काळा होतो. त्याबरोबर सेव्ह न केलेला प्रोग्रॅमही जातो, आणि घाईत स्विच चुकला असेल तर शेजारच्या दोघांचाही.

डू-व्हाईल नावाचा तिसरा प्रकार आहे. तो आधी काम करतो आणि मग अट तपासतो, त्यामुळे अट खोटी असली तरी एक फेरी होतेच. तो पुस्तकात आहे म्हणून शिकवतात आणि शिकवला म्हणून विचारतात. यापलीकडे त्याची विचारपूस फारशी होत नाही.

अनंत लूप फक्त नवशिक्यांच्याच हातून होतो, असा समज बाळगू नये. मायक्रोसॉफ्टने झून नावाचा गाणी ऐकायचा प्लेअर काढला होता. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्यातले ३० जीबीचे जुने मॉडेल जगभर एकदम गोठले. २००८ हे लीप वर्ष, आणि तो दिवस वर्षातला ३६६वा. आतल्या घड्याळाच्या प्रोग्रॅममध्ये एक व्हाईल होता: दिवस ३६५हून जास्त आहेत तोवर फिरत राहा. ३६६ जास्त आहेत, म्हणून तो आत शिरला. आत लीप वर्षासाठी वेगळी अट होती: दिवस ३६६हून जास्त असतील तर ३६६ वजा करून वर्ष एकने वाढव. ३६६ काही ३६६हून जास्त नाहीत. म्हणून काहीच वजा झाले नाही. पुन्हा वर जाऊन बघितले: दिवस ३६५हून जास्त आहेत का? आहेत. ऐन थर्टी फर्स्टच्या रात्री हजारो माणसांच्या खिशात हा संवाद चालू राहिला. कंपनीने सुचवलेला उपाय असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला चार्ज करून चालू करा. म्हणजे उद्यापर्यंत थांबा. मेन स्विच बंद करणाऱ्या विद्यार्थ्याला ज्यांनी हसून घेतले, त्यांनी हा उपाय पुन्हा वाचावा.

लूप थांबेल की नाही हे आधीच सांगणारा एखादा प्रोग्रॅम का लिहीत नाहीत, ही शंका बुद्धिमान विद्यार्थ्याला येते. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवून दिले की कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो थांबेल की नाही याचे अचूक उत्तर देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. या सिद्धांताचा गैरफायदा घेण्याचे प्रकार ओरलमध्ये घडतात.

"हा लूप थांबेल का?"

"सर, हे सांगता येत नाही असं ट्युरिंगने सिद्ध केलंय."

"सगळ्या प्रोग्रॅमचं एका रीतीने सांगता येत नाही. या चार ओळींचं येतं. पुढच्याला पाठव."

दशांशांचा सापळा याहून गोड. शून्यापासून सुरू करून दर फेरीला ०.१ मिळवायचे आणि बेरीज बरोबर १ झाली की थांबायचे. दहा फेऱ्यांत सुटायला हवे. सुटत नाही. संगणक दोनच्या घातांत हिशेब ठेवतो आणि एकदशांश त्यात पुरता बसत नाही. दहाव्या फेरीला बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते, अकराव्याला एक ओलांडला जातो, आणि बरोबर एकची गाठ कधीच पडत नाही. गंमत अशी की आजोबांच्या शाळेत घोकून घेतलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा संगणकाला बिनचूक जमतात, कारण त्या सगळ्या पावाच्या पटीत आहेत आणि पाव म्हणजे दोनच्या वर्गाने एकाला भागणे. छड्या खाऊन औटकी पाठ केलेल्या पिढीला हे कोणी तरी वेळेत सांगायला हवे होते.

शेवटचा टप्पा लूपमधल्या लूपचा. बाहेरचा एकदा फिरतो तेवढ्यात आतला पुरता फिरून येतो. यासाठी चांदण्यांचा त्रिकोण छापायला सांगतात: पहिल्या रांगेत एक चांदणी, दुसरीत दोन, पाचवीत पाच. एकूण पंधरा चांदण्या. नोकरीत हा त्रिकोण कोणी मागत नाही. ज्या मुलाखतीवर ती नोकरी मिळते तिथे मात्र हमखास मागतात. इथली प्रसिद्ध चूक आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लूपना आयच देण्याची. समजा, त्रिकोणाऐवजी पाच गुणिले पाचचा चौकोन हवा आहे. आतला लूप पाच चांदण्या छापून आयला सहावर सोडतो. बाहेरचा त्याला सात करतो, आपली अट बघतो आणि घरी जातो. पडद्यावर एकच रांग. "सर, चौकोनच आहे, फक्त उंची कमी आहे," असा बचाव करून झालेला आहे.

चांदण्यांपेक्षा पाढे बरे. बाहेरच्या लूपमध्ये २ ते ३०, आतल्यात १ ते १०. चार-पाच ओळींत २९ पाढे, २९० ओळी, निमिषात. घरी हे दाखवल्यावर वडिलांना भरून येते.

"म्हणजे आता तीसपर्यंत पाठ झाले म्हणायचे!"

"पाढे नाही बाबा, प्रोग्रॅम पाठ आहे."

"एकोणतीस साती?"

यावर विद्यार्थी लॅपटॉप उघडतो. तो सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात आजी स्वयंपाकघरातून दोनशे तीन म्हणून सांगते.

प्रोग्रॅम बरोबर आला की प्रॅक्टिकलचे काम संपत नाही. तो जर्नलमध्ये उतरवायचा असतो: उद्देश, कृती, प्रोग्रॅम आणि आउटपुट, सगळे निळ्या शाईने, हाताने. पाढ्यांच्या प्रोग्रॅमला आउटपुटच्या जागी पहिल्या तीन ओळी लिहून पुढे 'इत्यादी' लिहिलेले चालत नाही. झेरॉक्सही चालत नाही. २९० ओळी पूर्ण लिहिल्याशिवाय सही मिळत नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.